चिकाचं आवतण

तिसऱ्या दिवशी भिजल्या गव्हाला जो वास सुटतो, तो ज्यानं घेतलाय त्याला सांगावा लागत नाही आणि ज्यानं घेतलेला नाही त्याला सांगून पटत नाही. आंबट, ओला वास. तो घरभर फिरतो, उशांत शिरतो, धुतलेल्या कपड्यांनाही सोडत नाही. शुक्रवारी दुपारी निकितानं पिंपाचं झाकण काढलं, तोंड फिरवलं आणि स्वतःलाच म्हणाली, "कुनी सांगितलं हुतं गं तुला हे?"

सांगितलं तसं सासूनंच होतं. झुंबरबाई महिनाभर घरात नव्हत्या. लेकीचं बाळंतपण खरं तर इथं सोनईतच व्हायचं, पण ऐन वेळी नातवाला कांजिण्या निघाल्या, आणि कांजिण्यांच्या घरात बाळंतीण आणायची कशी? म्हणून लेक सासरीच राहिली, तिकडं भंडारदऱ्याच्या डोंगरात, आणि आईच पिशवी भरून तिच्याकडं गेली. रेंज मिळेल तेव्हा झुंबरबाई फोन करायच्या आणि बाळाची हालहवाल सांगून झाली की विचारायच्या, "गहू भिजवला का? चैत सरायला आला. सनावाराला पाव्हन्याच्या ताटात कुरडई न्हाई म्हंजी लोक काय म्हनतील?" लोक काय म्हणतील याची काळजी झुंबरबाईंना एवढ्या लांबूनही करता येत असे.

पण निकितानं गहू भिजवला तो काही सासूच्या धाकानं नाही. तिला बाया हव्या होत्या. चार बाया, आपल्या परसात बसलेल्या, मोठ्यानं बोलणाऱ्या, एकमेकींना टोमणे मारणाऱ्या. गेला महिनाभर तिच्याशी पुरं वाक्य बोलणारं माणूस म्हणजे नवरा, आणि तो बिचारा रात्री घरी येईपर्यंत त्याच्याकडची वाक्यं संपलेली असत. श्रीमंत त्याचं नाव. शिंगणापूरला देवळाजवळच्या दुकानात कामाला होता. रुईच्या पानांचे हार, तेल, नारळ विकून दिवसभर घसा बसवून यायचा, जेवायचा आणि हात धुवायच्या आत पेंगायला लागायचा.

महिना कसला तो! आधी ओमला कांजिण्या निघाल्या. ओम पाच वर्षांचा, तेव्हा खाजवू नको म्हटलं की निदान रडून ऐकायचा. त्याच्या खपल्या पडतात न पडतात तोच मनवाला निघाल्या. मनवा दोन वर्षांची, तिला ऐकणं हा प्रकारच ठाऊक नव्हता. रात्ररात्र तिला खांद्यावर टाकून निकिता फिरायची. कडुलिंबाचा पाला अंथरुणात, कडुलिंबाचं पाणी बादलीत, घरात फोडणी बंद. कांजिण्यांच्या घरातल्या बाईनं दुसऱ्याचा उंबरा चढू नये ही गल्लीची रीत, ती तिनं पाळली. दुसऱ्यांनी तिचा उंबरा चढू नये ही पण रीतच, ती गल्लीनं पाळली. आणि नेमक्या त्याच दिवसांत गल्लीत घरोघरच्या कुरडया झाल्या. गोजरबाईची झाली, पलीकडच्या दोन घरांची झाली, कोपऱ्यावरच्या साळूआजीची पण झाली. निकिता एकीकडंही गेली नाही.

आता हे न जाणं साधं नव्हतं. कुरडई एकटीनं होत नाही. खाली परसात चुलीवर एकजण चीक शिजवणार, दुसरी पातेलं धरणार, तिसरी कढत चीक घेऊन लोखंडी जिन्यावरून गच्चीवर पळणार, आणि वर दोघी सोऱ्या दाबत बसणार. चीक निवला की सोऱ्यातून उतरत नाही, मग दोन्ही हातांनी लोंबकळा, काही उपयोग नाही. म्हणून आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. जी दुसरीच्या परसात घाम गाळते तिच्याच परसात दुसरी घाम गाळते. कोणी लिहून ठेवत नाही, पण विसरतही कोणी नाही. कांजिण्यांचं कारण खरं होतं, सगळ्यांना माहीत होतं. तरी निकिताच्या मनात कुठं तरी खुटखुटत होतं की, कारण कितीही खरं असलं तरी आपण गेलो नाही ते नाहीच.

आता मनवाच्याही खपल्या पडून उंबरा मोकळा झाला होता. त्या शुक्रवारी तिनं गहू वाटला. मिक्सर तापून वास मारायला लागला की थांबायची, थंड झाला की पुन्हा सुरू. वाटलेला गहू पाण्यात कालवून, पिळून, पंच्यातून गाळायचा, चोथा वेगळा करायचा आणि खालचं दुधासारखं पाणी रात्रभर निवळत ठेवायचं, म्हणजे सकाळी तळाशी घट्ट चीक बसतो. वाचायला एक ओळ लागते. करायला दुपार गेली, कारण मनवा चोथ्याच्या घमेल्यात बसली होती. बाहेर काढली की पुन्हा बसत होती. एकदा तर मूठभर चोथा तिनं स्वतःच्या केसांना चोळला आणि "न्हाऊ न्हाऊ" म्हणून टाळ्या पिटल्या. निकिताला हसू यायला हवं होतं. तिला रडू आलं, आणि रडायलाही हात मोकळे नव्हते.

दिवस कलला तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आवतण राहिलंय. कुरडईचं आवतण फोनवर चालत नाही. आदल्या संध्याकाळी दारात जाऊन, "उद्या आमच्याकडं चीक हाय, या" असं तोंडानं सांगावं लागतं. फोनवर सांगितलं तर बाया येतात, पण वर्षभर ऐकवतात. आणि मनवा आता कुठं खांद्यावर मान टाकत होती. तिला खाली ठेवली की उठणार, घेऊन गेलं तर जागी होणार. निकितानं दारात गोट्या मोजत बसलेल्या ओमला हाक मारली.

"ओम, गोजरमावशीकडं जा, साळूआजीकडं जा, समद्यांकडं जा. काय सांगायचं? उद्या सकाळी आमच्याकडं चीक हाय, या. म्हनून दाखव बरं."

"उद्या सकाळी आमच्याकडं चीक हाय, या!" ओम छाती काढून म्हणाला.

"शाना माझा बाळ. एक घर सोडू नको."

ओम धावत गेला आणि बऱ्याच वेळानं धुळीनं माखून, खुशीत आला. "सांगितलं समद्यांना. समदे येतो म्हनले."

"गोजरमावशीच्या घरी?"

"व्हय."

"साळूआजीच्या?"

"व्हय गं. लवकर येतो म्हनले."

निकिताचा जीव भांड्यात पडला. समदे येतो म्हणाले! म्हणजे मनात काही नाही कुणाच्या. तिनं मोठं पातेलं घासून ठेवलं, गच्ची झाडली, प्लास्टिकचा कागद ओल्या फडक्यानं पुसून घेतला, सोऱ्याला तेलाचं बोट लावलं. बायांना चहाला दूध जास्तीचं घेतलं. त्या रात्री मनवा दोनदा उठली तरी तिला एवढं काही वाटलं नाही.

सकाळी श्रीमंत बुटाची लेस बांधत होता. शनिवार होता. शिंगणापुरात शनिवारी पाय ठेवायला जागा नसते आणि दुकानातून सुट्टी मागायला तोंड नसतं.

"जरा पातेलं उचलून चुलीवर ठिवून जाता का?" निकिता म्हणाली.

त्यानं ठेवलं. वर म्हणाला, "बाया येनारेत ना? मग तुझी आज मजाच हाय." मजा हा शब्द त्यानं सहज वापरला, त्याची काही चूक नव्हती. तो मोटारसायकलला किक मारून निघून गेला.

तिनं निवळलेल्या चिकावरचं पिवळं पाणी हळूच ओतून दिलं. खाली पांढराशुभ्र, घट्ट चीक बसला होता. बोट रुतवलं तर खड्डा तसाच राहत होता. चीक मनासारखा बसला होता. तिनं चुलीत पऱ्हाट्या सारल्या, आधणाचं पाणी ठेवलं, मीठ टाकलं, हिंग टाकला, आणि पदर खोचून दाराकडं बघत बसली.

पहिली आली ती गोजरबाईची नात चिमी. हातात स्टीलची वाटी आणि चमचा. तिच्यामागं दोन जुळे भाऊ, एकाच्या हातात वाटी आणि दुसऱ्याच्या हातात चक्क पितळेचं भांडं. मग साळूआजीचा पणतू, मग आणखी दोघी. सगळी पोरं. चुलीच्या कडेनं रांगेत उकिडवी बसली, वाट्या पुढं धरून.

चीक शिजतो त्या घरी पोरांनी वाट्या घेऊन जायचं, हा तर पोरांचा हक्कच. दूधसाखर घातलेला गरम चीक म्हणजे त्यांचा उन्हाळ्यातला सण. पण पोरं नेहमी आयांच्या मागून येतात, आयांच्या आधी नाही.

"चिमे, आजी कुठंय तुझी?"

"घरी हाय."

"येती का?"

चिमीनं खांदे उडवले. "म्हनली, तू जा."

निकितानं जुळ्यांना विचारलं. त्यांची आई कपडे धुवत होती. साळूआजीच्या पणतवाला विचारलं, तर तो म्हणाला, पणजी शेळीला पाला घालतीय. पाणी उकळायला लागलं. निकिता दाराकडं बघत राहिली. गल्लीतून सायकलवाला गेला, दूधवाला गेला, एक कुत्रं डोकावून गेलं. बाई एकही आली नाही.

तेव्हा तिला कळलं, म्हणजे तिला वाटलं की कळलं. आवतण सगळ्यांना पोचलंय. पोरं धाडली, स्वतः आल्या नाहीत. पोरांचा हक्क आहे तेवढा घ्या म्हणावं, आम्ही तुझं काही देणं लागत नाही. तू आली होतीस का आमच्याकडं? तिनं चुलीत आणखी दोन पऱ्हाट्या कोंबल्या. मग राग आला. कांजिण्या मी काय हौसेनं आणल्या होत्या? एकीनं तरी दारातून विचारलं का, पोरगी कशीय म्हणून? मेल्यांनो, माझ्या मनवाच्या पापणीवर सुद्धा फोड होता! हे सगळं ती मनात म्हणाली. मोठ्यानं म्हणायला समोर फक्त वाट्या होत्या.

सोडून देता आलं असतं तर तिनं सोडून दिलं असतं. पण चीक थांबत नाही. आजचा चीक उद्यावर ढकलला की आणखी आंबतो, कुरडई लाल पडते, तळली की काळवंडते. तीन दिवसांचा वास आणि एक अख्खी दुपार उकिरड्यावर ओतायची, आणि सासूला फोनवर सांगायचं, की आत्याबाई, तुमच्या माघारी माझ्या हाकेला एक बाई आली नाही? ते तिच्यानं होणार नव्हतं.

तिनं पहिल्या पातेल्यापुरता चीक आधणात सोडला. एका हातानं ओतायचा आणि दुसऱ्या हातानं लाकडी दांड्यानं भराभर हलवायचा. हे दोघींचं काम. एकीचा हात थांबला की गुठळ्या. निकिताचा हात थांबला नाही, पण पातेलं फिरायला लागलं. तिनं ते पायानं अडवलं. तळपायाला चटका बसला. त्यात मनवा उठली, डोळे चोळत, तोंड वेंगाडत परसात आली आणि सरळ आईच्या पाठीला येऊन चिकटली.

"आई, घे. आई, घे ना."

"मनू, हाय हाय, गरम हाय, लांब हो. चिमे, धर गं तिला."

चिमीनं धरली. मनवानं चिमीला बोचकारलं. ओमनं मनवाला ओढली. मनवा अशी किंचाळली की जुळ्यांतला एक घाबरून रडायला लागला. या सगळ्यात निकिता हलवत होती. चीक घट्ट होत चालला, पांढऱ्याचा काचेसारखा होऊ लागला, दांडा जड झाला. खांद्यापासून बोटापर्यंत तिचा हात आपला नव्हताच जणू. महिनाभराची जागरणं आज, आत्ता, याच दांड्यावर येऊन बसली होती.

शिजला. ओलं बोट लावलं तर चिकटला नाही. तिनं तपेलीत गरम चीक काढला, जिना चढून धापा टाकत गच्चीवर गेली, सोऱ्यात भरला आणि दाबला. दोन कुरडया पडल्या. एक वाकडी, एक अर्धी. खालून मनवाचा आवाज आला, ती धावत खाली आली. मनवा चुलीजवळ नव्हती, नुसतीच रडत होती. पुन्हा वर गेली. तोवर सोऱ्यातला चीक आळला होता. तिनं जोर लावला. आणखी लावला. सोऱ्याची मूठ हातातून निसटली आणि हनुवटीला लागली.

निकिता गच्चीवर फतकल मारून बसली. ऊन अजून कोवळं होतं. समोर प्लास्टिकचा एवढा मोठा कागद आणि त्यावर दीड कुरडई. मग ती उठली, खाली आली, घरातलं चहासाठी ठेवलेलं सगळं दूध आणि साखरेचा डबा घेऊन चुलीपुढं बसली.

"आना रे वाट्या," ती म्हणाली. "समदा खावा. न्हाई करायची मला कुरडई."

पोरांना याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं. त्यांनी वाट्या पुढं केल्या. पहिली वाटी संपली, दुसरी संपली. मनवा तिच्या मांडीत बसून बोटांनी चीक चाटत होती आणि महिनाभरात पहिल्यांदा पोटभर खात होती. निकिता वाढत राहिली. रागानं वाढलेलं पोरांना तेवढंच गोड लागतं.

"चिमे! ए चिमे! शाळंचं टायम झालं ना गं!"

दारात गोजरबाई उभी होती. साठीची, अंगानं भरलेली, गल्लीतली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई. तिनं चूल पाहिली, पातेलं पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"चीक शिजवला व्हय," ती म्हणाली. आवाज तिच्या मानानं अगदीच बारीक होता. "बरं केलं. आमाला कशाला सांगायचं? माहेरच्या बोलावल्या असत्याल."

निकितानं मान वर केली. "कशाला सांगायचं? सांगून आला न्हाईत, आन वर मलाच बोलता व्हय मावशी?"

"कवा सांगितलं?"

"काल! काल संध्याकाळी धाडलं ना ओमला. आन पोरं धाडली तुमी वाट्या घिऊन, अन् सोता घरात बसल्या. मी आले न्हाई तुमच्याकडं, खरंय. पन मी काय करू, मावशी? कुनाला टाकून येऊ? दोन्ही पोरं फोडांनी भरलेली. मला कळत न्हाई का, यायला पायजे हुतं ते?" शेवटचं तिला धड बोलताही आलं नाही.

"थांब. गप," गोजरबाई म्हणाली. "आमच्या घरी कुनी आलं न्हाई. मला तर चिमी म्हनली, ओमच्या घरी खायला बोलावलंय. मला वाटलं, वाढदिवस असंल. म्हनलं, बोलावलं न्हाई आपल्याला, आपन कशाला जावा? काल दिसभर तुझ्या घरातून गव्हाचा वास येत हुता. मी दारात बसून हुते, आता येईल सांगायला, मग येईल सांगायला. लई वाईट वाटलं बघ."

दोघींनी एकदमच ओमकडं बघितलं. ओमच्या ओठावर चिकाची मिशी उमटली होती.

"ओम, काल कुनाला सांगितलं तू?"

"समद्यांना," ओम म्हणाला. त्यानं वाटी खाली ठेवली आणि बोटानं एकेक दाखवलं. "चिमीला सांगितलं. ह्या दोघास्नी सांगितलं. ह्याला सांगितलं. म्हनलं, उद्या चीक हाय, वाट्या घिऊन या."

"आन मोठ्या मान्सास्नी?"

ओम गोंधळला. "मोठी मान्सं कुठं खात्यात चीक?"

गोजरबाईनं कपाळावर हात मारला. मग तिला हसू फुटलं, असं की ती दाराला टेकली. चुकलं कुणाचं म्हणावं? पाच वर्षांच्या जिवानं चिकाचं आवतण ज्यांचा चिकावर हक्क त्यांना दिलं होतं, एक घर न सोडता. निकिता हसली नाही. तिला हसायला बळ लागणार होतं आणि ते तिच्याकडं नव्हतं. ती नुसती मनवाच्या केसांतून हात फिरवत बसली.

"किती चीक राह्यलाय?" गोजरबाईनं विचारलं.

"दोन पातेली हुतील अजून. शिजवायचा हाय."

गोजरबाई गल्लीत गेली आणि तिथूनच तिनं जी हाक दिली ती बाजारतळापर्यंत गेली असेल. जुळ्यांची आई साबणाचे हात पुसत आली. पलीकडच्या दोघी आल्या. साळूआजी पाल्याची पाटी तशीच टाकून, काठी टेकत आली आणि येता येता म्हणाली, "आवतान आलं न्हाई म्हनून काल जेवान गेलं न्हाई मला. म्हनलं, आता म्हातारीला कोन इचारतं." कुणी ओमच्या गालाला चिमटा घेतला, कुणी पऱ्हाट्या सारल्या, कुणी सोऱ्या गरम पाण्यानं धुऊन काढला. परस एकदम भरून गेलं. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि कुणाचंच कुणी ऐकत नव्हतं. निकिताला वाटलं, हे, हेच तर हवं होतं मला.

ती दांडा घ्यायला उठली, तर उठताना तिचा तोल गेला. गोजरबाईनं तिचा दंड धरला आणि पहिल्यांदाच नीट तिच्या तोंडाकडं बघितलं.

"अगं, डोळे बघ तुझे. कवापासनं झोपली न्हाईस?"

"झोपते की."

"खोटं बोलू नको. जा, पोरीला घिऊन पड जरा. आमी हाय."

"न्हाई मावशी, मला हितं बसायचंय तुमच्यात."

"बस मग नंतर. आधी पोरीला निजव, पेंगाय लागली बघ ती."

मनवा खरंच पेंगत होती. निकिता तिला घेऊन आतल्या खोलीत गेली. हिला निजवलं की लगेच येते म्हणाली. खाटेवर आडवी होऊन थोपटू लागली. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. दांडा पातेल्याच्या काठाला लागत होता. जिन्यावर कुणी तरी धाडधाड चढत होतं. गोजरबाई कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत होती आणि बाया हसून हसून बेजार झाल्या होत्या. कुणाची सून ते निकिताला कळेना. बाहेर गेल्यावर विचारू, ती मनात म्हणाली. मनवाचा डोळा लागला की उठायचं. मनवाचा डोळा लागला. निकिताचा त्याआधीच लागला होता.

जाग आली तेव्हा तिला आधी कळलंच नाही, सकाळ की संध्याकाळ. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरून पलीकडं गेलं होतं. मनवा शेजारी नव्हती. निकिता ताडकन उठली आणि परसात धावली. चूल विझली होती. पातेलं घासून पालथं घातलं होतं. चोथ्याच्या भुसवड्यासुद्धा कुणी तरी थापून सुपात वाळत ठेवल्या होत्या. गच्चीवरून बोलणं ऐकू आलं तशी ती अनवाणीच जिना चढली.

गच्चीभर कुरडया. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पांढऱ्याशुभ्र, गोल, एकसारख्या. कडेला पडलेल्या सावलीत मनवा आणि ओम एका गोधडीवर गाढ झोपले होते, आणि त्यांच्या पायाशी बाया उठायच्या बेतात होत्या. कुणी पदर झटकत होतं, कुणी चपला शोधत होतं.

"उठलीस का? झाली का झोप?" गोजरबाई म्हणाली. "आमी निघतोच आता. उद्या दुपारी उलथ्या कर, परवा डब्यात भर. चाळीस येळा बघायला येऊ नको, वाळत्यात त्या."

निकिता कुरडयांकडं बघत राहिली. इतक्या सुंदर कुरडया या घरात कधी पडल्या नव्हत्या, अगदी सासूच्या हातच्या सुद्धा. सकाळची ती दीड सोडली तर यातली एकही आपण दाबली नाही. आणि त्या दाबताना जे बोलणं झालं, जे हसणं झालं, ज्या कुणाकुणाच्या चहाड्या झाल्या, त्यातलं एक अक्षर आपल्या वाट्याला आलं नाही. झोप आली, ती मात्र पोटभर आली. तिनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. दिवसभर जिच्यासाठी राबल्या, ती बाई कुरडया बघून रडायला लागली म्हटल्यावर बाया घाबरल्या.

"काय झालं गं? वाकड्या पडल्यात का?"

"मीठ कमी झालं का? मी चाखला हुता चीक."

निकितानं नुसती मान हलवली. जुळ्यांची आई घड्याळ नसलेल्या मनगटाकडं बघत जिना उतरायला लागली. तिला स्वयंपाक होता. पलीकडच्या दोघींना पाणी यायची वेळ झाली होती. साळूआजीची शेळी तर गल्लीतून ओरडतच होती. प्रत्येकीला घर होतं आणि त्यात प्रत्येकीची चूल होती. साळूआजीनं काठी टेकली, गुडघ्यावर हात दिला आणि उठायला लागली.

निकिताला म्हणायचं होतं, आजी, बसा, चहा टाकते. तेवढंच, साधं. एका बाईनं दुसरीला म्हणावं तसं. तिनं आजीचा पदर धरला आणि तिच्या तोंडून निघालं, "आजी, भुर्र नका ना जाऊ!"

पहिलं हसू गोजरबाईला फुटलं, आणि तिच्यामागं सगळ्यांना. जिना उतरलेली जुळ्यांची आई काय झालं म्हणून चार पायऱ्या परत चढून आली. तिलाही सांगितलं, ती पण हसली. निकिता लाजून लाल झाली, आणि मग तीही हसायला लागली. हसताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. गोजरबाईचं हसू मात्र मधेच थांबलं. महिनाभर या पोरीशी लेकरांखेरीज कुणी बोललंच नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिनं पायात अडकवलेली चप्पल काढून ठेवली.

शेळी खाली ओरडत होती. साळूआजीनं काठी बाजूला ठेवली आणि कुरडयांना धक्का लागू न देता, सावकाश, निकिताच्या शेजारी खाली बसली.

"न्हाई जात गं भुर्र," ती म्हणाली. "बोल."